धाकट्या हाताची मूठ

खूप पूर्वी, राजांची राज्यं होती तेव्हाची ही गोष्ट. राजाचं नाव विचारू नका. ते कुणाच्याच लक्षात राहिलेलं नाही. शिवाय या गोष्टीत राजाचं काही काम नाही. काम आहे ते एका आईचं, तिच्या लेकीचं आणि मातीच्या एका गाडग्याचं.

नदीच्या काठी एक गाव होतं. गावात प्रभू येशूला मानणारी काही घरं होती आणि त्यांचं एक कौलारू मंदिर होतं. वर लाकडी क्रूस, दारात घंटा. मंदिराच्या मागच्या खोलीत बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाएवढी उंच कणगी होती. घराघरांतलं धान्य या कणगीत यायचं आणि ज्या घरात चूल पेटली नसेल त्या घराच्या उंबऱ्यावर जायचं. कुणाकडे गेलं, किती गेलं, याची वाच्यता करायची नाही असा नियम होता. कणगी सांभाळायचं आणि घंटा वाजवायचं काम एका म्हातारीकडे होतं. सगळे तिला घंटेची आजी म्हणत.

कणगी भरायची रीत अशी होती. घरातली बाई सकाळी शिजवायला तांदूळ सुपात काढायची. चुलीवर आधण ठेवलं की ती घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाला हाक मारायची. ते मूल यायचं, सुपात हात घालायचं, मूठ भरायचं आणि चुलीजवळच्या गाडग्यात टाकायचं. मग आईनं डोळे मिटून प्रार्थनेचे दोन शब्द बोलायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तेच मूल गाडगं घेऊन मंदिरात जायचं आणि आजीच्या मदतीनं ते कणगीत रितं करायचं. आईनं मूठ भरायची नाही, बापानंही भरायची नाही. असं का, हे विचारलं तर लोक म्हणायचे, "पहिल्यापासून तसंच आहे." एवढ्या उत्तरावर सगळ्यांचं भागत होतं.

त्या गावात एक नावाडी राहायचा. त्याला बायको होती, दांडगा थोरला मुलगा होता आणि एक धाकटी मुलगी होती. गोष्ट आहे ती नावाड्याच्या बायकोची. ही बाई चांगली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येणार आहे.

तिला गुडघे टेकून निवांत बसायला सवड कुठली? दळताना, भांडी घासताना, लेकीची वेणी घालताना तिची प्रार्थना चालायची. मध्येच दूध उतू जायचं. मग ती प्रार्थना तिथंच टाकून धावायची आणि चुलीवर पाणी शिंपडून झालं की, "हं, तर प्रभू," म्हणून पुढे सुरू करायची. नवरा हसायचा. म्हणायचा, "तुझा देव भलताच सोशिक आहे बघ." तीही हसायची.

लेक गुटगुटीत होती. तिच्या उजव्या हातात पितळेचा वाळा होता. लहानपणी घातलेला, मनगटात असा रुतलेला की आता तेल लावूनही निघत नव्हता. रोज सकाळी ती वाळ्यासकट हात सुपात घालायची आणि मूठ भरून गाडग्यात टाकायची. कधीकधी दाणे बोटांतून सांडायचे. मग ते एकेक करून वेचायची. घरातलं हे एकच काम असं होतं, जे तिच्याशिवाय कुणाला करता येत नव्हतं. त्यामुळे या कामाचा तिला फार अभिमान होता.

एका वर्षी पावसानं दगा दिला. वरच्या गावांत पिकं करपली. पलीकडचे बाजार ओस पडले, त्यामुळे नावेला माणसं मिळेनात. नावाडी सकाळी वल्हं घेऊन जायचा आणि संध्याकाळी तसाच परत यायचा. कणगी मात्र दर आठवड्याला खाली जात होती. मंदिराचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, रविवारी म्हणाले, "या वर्षी पुष्कळ उंबऱ्यांवर धान्य पोचवावं लागेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी हात सैल सोडा."

उपासना संपल्यावर बायका अंगणात उभ्या होत्या. सुताराची बायको नावाड्याच्या बायकोला म्हणाली, "तुमचं गाडगं या महिन्यातही अर्धंच होतं गं."

"धाकटीचा हात लहान आहे," ती म्हणाली.

"मग काय, तो मोठा व्हायची वाट बघायची? भुकेल्यांना तेवढा दम निघायला हवा."

सुताराची बायको हे हसून म्हणाली, पण नावाड्याच्या बायकोला ते लागलं. मनात एकच येत होतं. लोक उपाशी आहेत आणि आपण एका पोरीच्या चिमटीवर भागवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक नेहमीसारखी चुलीपाशी आली. आईनं तिचा हात अलगद बाजूला केला.

"आजपासून मी भरते," ती म्हणाली.

"पण ते माझं काम आहे."

"तुझी मूठ लहान आहे, बाळ. देवाला जास्त द्यायचंय आपल्याला."

लेक अंगणात निघून गेली. आईनं आपल्या मोठ्या हाताची मूठ भरून गाडग्यात टाकली. तिला बरं वाटलं. मग तिनं आणखी एक टाकली.

एक गोष्ट तिनं पक्की ठरवली होती. नवऱ्याच्या आणि मुलांच्या वाट्याला हात लावायचा नाही. कमी पडेल ते आपल्याला. म्हणून सगळ्यांना वाढून झालं की भांड्याच्या तळाला राहील ते ती स्वतःच्या ताटलीत घ्यायची, त्यात पेज ओतायची आणि पाठमोरी बसून खायची. पहिल्यांदा भुकेनं तिला चक्कर आली तेव्हा तिनं चुलीला टेकून प्रार्थना केली, "प्रभू, आहे ते थोडं आहे. पण ते आम्हाला पुरू दे."

हे सगळं कुणाला दिसत नाही असं तिला वाटत होतं. नवऱ्याला दिसत नव्हतं, कारण तो दमून आलेला असायचा. थोरल्याला दिसत नव्हतं, कारण त्याचं लक्ष स्वतःच्या ताटात असायचं. धाकटीला मात्र दिसत होतं. आईच्या ताटलीतलं पांढरं पाणी तिला रोज दिसत होतं.

एके दिवशी जेवताना लेकीनं अर्धा भात तसाच ठेवला.

"खा की," आई म्हणाली.

"पोट भरलं."

"एवढ्यातच?"

"हो. हा तू खा."

आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. मग आईच्या मनात एक विचार आला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. आपण देवाकडे मागितलं होतं की थोडं आहे ते पुरू दे, आणि देवानं ते पुरवलं. पोरीची अर्ध्या भातात तृप्ती होऊ लागली. दुसरं काय कारण असणार?

तिनं तो उरलेला भात खाल्ला नाही. तो सकाळसाठी झाकून ठेवला. सकाळचं त्यात भागलं, म्हणून सकाळच्या तांदळातून तिनं ओंजळ भरून गाडग्यात टाकली. गाडगं लवकर भरलं. तिनं मोठं गाडगं आणलं. ते भरायचं म्हणून तिची स्वतःची ताटली आणखी रिकामी झाली. ताटली रिकामी दिसली की लेक आणखी भात मागे ठेवायची. भात उरलेला दिसला की आई देवाचे आभार मानायची आणि दुसऱ्या दिवशी ओंजळ वाढवायची.

नावाडी एकदा म्हणाला, "काल हिला नावेत घेतलं. हलकी लागली गं पोर."

"वाढीचं वय आहे. उंच होतेय," ती म्हणाली.

नावाड्याला वजनातलं कळत होतं, कारण त्याचा धंदाच तो. पण घरातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून त्यानं विषय सोडला.

त्यांच्या मंदिरात साक्ष द्यायची पद्धत होती. देवानं आपल्यासाठी जे केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. पुढच्या पहिल्या रविवारी नावाड्याची बायको साक्ष द्यायला उभी राहिली.

"आमच्या घरी थोडं आहे," ती म्हणाली, "पण प्रभूनं ते पुरतं केलंय. माझी धाकटी पूर्वी दोनदा भात मागून घ्यायची. आता अर्ध्यातच तिचं पोट भरतं. तिला भूकच लागत नाही. ही त्याची कृपा आहे."

सगळे म्हणाले, "आमेन." सुताराची बायको सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. पाळकांनी मान डोलावली. पहिल्या ओळीत बसलेल्या लेकीकडे सगळ्यांनी वळून पाहिलं आणि ती लाजून खाली बघू लागली. तिला तेव्हा कडकडून भूक लागली होती. पण ज्या मुलीला भूक लागत नाही म्हणून सगळ्या गावानं देवाचे आभार मानलेत, तिनं घरी जाऊन भात कसा मागायचा? तिनं मागितला नाही. उलट त्या दिवशी तिनं आणखी दोन घास मागे ठेवले.

असं करता करता उपकारस्तुतीचा रविवार आला. पीक थोडं आलं असलं तरी जे आलं त्याबद्दल देवाचे आभार मानायचा तो दिवस. त्या दिवशी मुलं गाडगी घेऊन रांगेनं वेदीपाशी जायची. रीतीप्रमाणे गाडगं धाकट्यानंच न्यायचं. नावाड्याच्या बायकोनं रीतीतला तेवढा भाग मोडला नव्हता. तिनं काठोकाठ भरलेलं मोठं गाडगं लेकीच्या हातात दिलं. लाल तांदूळ होता. साऱ्या मंदिरात एवढं मोठं गाडगं दुसरं नव्हतं.

"जपून," ती कानात म्हणाली.

लेक चालू लागली. रांगेतली मुलं पुढे सरकत होती. वेदीच्या पायरीशी ती थांबली, एक पाय वर ठेवला आणि तशीच खाली कोसळली. गाडगं फुटलं. लाल तांदूळ साऱ्या फरशीवर पसरला.

आई धावली. आणि इथे तुम्हाला तिचा राग येईल असं मी म्हणालो होतो. ती धावली खरी, पण तिची पहिली नजर गेली ती फुटलेल्या गाडग्याकडे. लेकीकडे गेली ती नंतर. क्षणाचाच फरक होता. दुसऱ्या कुणाच्या तो लक्षात आला नाही, पण तिच्या स्वतःच्या लक्षात आला आणि तो तिला जन्मभर पुरला.

तोवर घंटेच्या आजीनं मुलीला उचललं होतं. एरवी पाण्याची घागर उचलताना कण्हणारी ही म्हातारी, पण पोरीला घेऊन ती सहज उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलं.

"ही जेवते का गं?"

"पोटभर जेवते," आई म्हणाली. "रोज मागे टाकते."

बायकांनी तांदूळ गोळा केला, खापऱ्या वेचून बाजूला काढल्या आणि तांदूळ कणगीत ओतला.

घरी वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोटावर हात ठेवला. बाहेर येऊन ते नावाड्याला म्हणाले, "आजार नाही. उपासमार आहे. पोटात अन्न गेलं तर उठेल. नाही गेलं तर महिना संपायच्या आत तुम्ही हिला गमवाल."

नावाडी आत जाऊन लेकीच्या उशाशी बसला. त्याची बायको मात्र रागावली. तिनं वैद्यांना ऐकवलं, "माझ्या घरात उपासमार? माझ्या घरात रोज अन्न उरतं." वैद्य निघून गेले. तिनं भात शिजवला, लेकीच्या तोंडाशी घास नेला. लेकीनं मान फिरवली.

"पोट भरलंय," ती म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"बघा," आई नवऱ्याला म्हणाली, पण तिच्या बोलण्यात आता जोर नव्हता.

संध्याकाळी दाराशी काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. तिनं दार उघडलं. उंबऱ्यावर टोपली होती, टोपलीत लाल तांदूळ होता आणि घंटेची आजी पाठ फिरवून निघाली होती.

"आजी, हे काय?"

आजी थांबली. "कणगीचा नियम तुला ठाऊक आहे. ज्या घरात पोर भुकेनं पडलं, त्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायचं. चर्चा करायची नाही."

"पण हे दुसऱ्यांसाठी आहे. आम्ही देणारी माणसं आहोत."

"मी उंबरा बघते बाई," आजी म्हणाली. "माणसं देव बघतो." आणि ती गेली.

नावाड्याच्या बायकोला आधी वाटलं, टोपली तशीच उचलून नेऊन परत कणगीत ओतावी. शरमेनं तिचे कान तापले होते. पण घरातला तांदूळ खरंच संपत आला होता. उपकारस्तुतीसाठी उरल्यासुरल्यातलाही बराचसा तिनं गाडग्यात टाकला होता. मग तिनं टोपली आत घेतली, सूप काढलं आणि तांदूळ पाखडायला बसली.

पाखडताना सुपात काहीतरी वाजलं. तिला वाटलं खडा असेल. तिनं बोटांनी चाचपलं आणि ती वस्तू वर काढली. तो पितळेचा वाळा होता.

तेल लावूनही निघत नव्हता तो वाळा. मंदिरात कोसळताना तो पोरीच्या हातातून आपोआप गळून तिनं नेलेल्या तांदळात पडला होता, आणि आईच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. रोज सकाळी हा वाळा घातलेला हात तिच्यासमोर सुपात यायचा. तो हात तिनं स्वतः बाजूला केला होता, आणि त्या दिवसापासून त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

ती उठून लेकीपाशी गेली. पांघरुणाखालचा हात बाहेर काढला. मनगट तिच्या दोन बोटांत मावलं. ती रडली, आणि ते रडणं तिनं कुणापासून लपवलं नाही.

"तुला भूक लागायची ना?" तिनं विचारलं.

लेक म्हणाली, "थोडी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या ताटलीत पाणीच असायचं," लेक म्हणाली. "आणि तू देवळात सगळ्यांना सांगितलंस ना, मला भूक लागत नाही म्हणून. मग तू खोटी पडली असतीस."

आई उठून चुलीपाशी गेली. तिनं त्या तांदळाचा मऊ भात केला, एकाच ताटात वाढला आणि लेकीला मांडीवर घेतलं. घास पुढे केला.

"आधी तू," लेक म्हणाली.

आईनं एक घास खाल्ला. मग लेकीनं खाल्ला. पुन्हा आईनं, पुन्हा लेकीनं. असं करत ते ताट संपलं. त्या दिवशी जेवणाआधी प्रार्थना करायची राहून गेली. जेवण झाल्यावर आईच्या ते लक्षात आलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

लेक हळूहळू उठून बसू लागली, मग चालू लागली. पुढच्या पहिल्या रविवारी नावाड्याची बायको पुन्हा साक्ष द्यायला उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, गाडग्याकडे आधी गेलेल्या नजरेसकट. "देवानं जे केलं नव्हतं," ती म्हणाली, "ते मी त्याच्या नावावर खपवलं. मी मूठ भरत होते आणि मला वाटत होतं ती माझ्या ताटलीतली आहे. ती माझ्या लेकीच्या ताटातली होती." या वेळी आमेन म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. शेवटी घंटेची आजी म्हणाली, आणि मग बाकीचेही म्हणाले. सुताराची बायको त्या दिवशी तिच्याबरोबर घरापर्यंत चालत आली, आणि वाटेत दोघी पोरांच्या जेवणाविषयीच बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुपात तांदूळ काढले, चुलीवर आधण ठेवलं आणि लेकीला हाक मारली. लेक आली. तिनं हात सुपात घातला आणि मूठ भरली. आई त्या हाताकडे बघत होती. बोटं कशी आहेत, नखं लाल आहेत का, मनगट भरतंय का. आणि बघता बघता तिला कळलं की रीत का होती. त्या मुठीनं कणगी भरणार नव्हतीच कधी. पण मूठ भरताना आईला रोज घरातल्या सगळ्यात लहान हाताकडे बघावं लागायचं. घरात काही कमी पडू लागलं तर ते आधी तिथंच दिसलं असतं.

त्या महिन्यात नावाड्याच्या घरचं गाडगं अर्धंच भरलं. ते अर्धं गाडगं लेकीनं छातीशी धरून नेलं आणि आई मागून चालत गेली. पाऊस पुढच्या वर्षी चांगला झाला. लेकीच्या हातात वाळा पुन्हा घट्ट बसला आणि मग तो कापूनच काढावा लागला.

पुष्कळ वर्षांनी घंटेची आजी देवाघरी गेली आणि कणगी सांभाळायचं काम नावाड्याच्या बायकोकडे आलं. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली तिला विचारायच्या, "मूठ धाकट्यानंच का भरायची?" ती "पहिल्यापासून तसंच आहे" असं कधी म्हणाली नाही. ती त्यांना समोर बसवून हीच गोष्ट सांगायची.

तात्पर्य एवढंच: देवासाठी मूठ जरूर भरावी, पण भरण्याआधी आपल्या घरातला सगळ्यात धाकटा हात डोळे उघडे ठेवून पाहावा.